पिअर्स पॉइंट रँच : एका जुन्या रँचसाठी अख्खा दिवस पुरेल का? फोटोग्राफीची एक दिवसाची सहल

नेत्रा१७
सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोहून पॉइंट रेयेस नॅशनल सीशोअर या किनारी राष्ट्रीय उद्यानातल्या पिअर्स पॉइंट रँचला एक दिवस जायचं ठरतंय. आम्ही सहा जण, सगळ्यांकडे कॅमेरे. १८५८ साली सुरू झालेली ही दुभत्या जनावरांची रँच आता राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आहे, आणि पांढरी कोठारं, गोठे, शाळेची खोली एवढं मोकळेपणानं हिंडून बघता येतं, इतकी माहिती आहे. तीन प्रश्न :
१. फक्त एका रँचसाठी पूर्ण दिवस ठेवावा का?
२. कोणत्या लेन्स न्याव्यात? पाठीवर वजन बेताचं हवं.
३. तिथे अचानक समोर काय येऊ शकतं? म्हणजे तयारीनिशी जाता येईल.

पाऊलवाट
पूर्ण दिवस ठेवाच. अंतर नकाशावर दिसतं त्यापेक्षा वेळ खातं. गोल्डन गेट पुलापासून पावणेदोन तास धरा. शेवटचे नऊएक मैल पिअर्स पॉइंट रोडचे, अरुंद आणि चढउतारांचे. रस्त्यात गुरांनी ओलांडू नये म्हणून बसवलेल्या लोखंडी नळ्यांच्या जाळ्या आहेत, तिथे वेग कमी करा, आणि रस्त्यावर गाय आडवी उभी असेल तर हॉर्न न वाजवता थांबा. पेट्रोल पॉइंट रेयेस स्टेशन गावात भरून घ्या, पुढे मिळणार नाही. पिण्याचं पाणी रँचवर नाही, माणशी किमान दोन लिटर सोबत हवं. फोनची रेंज जवळजवळ नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. उद्यानात प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

लोलक
लेन्सचं सांगतो. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा धरून दोन पुरेत : २४-७० मिमी आणि १००-४०० मिमी (किंवा ७०-३००). मोठ्या अपर्चरच्या प्राइम, म्हणजे जास्त उजेड घेणाऱ्या पण झूम नसलेल्या लेन्स, घरी राहू द्या, उजेड भरपूर असतो.

खरी अडचण पांढऱ्या इमारतींची. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर पांढऱ्या भिंतीला करडं करू बघतो. धुक्यात किंवा ढगाळ हवेत +०.७ ते +१.३ स्टॉप एक्स्पोजर भरपाई द्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), नाहीतर भिंती मळक्या दिसतात. उन्हात याच्या उलट चूक होते. मीटर मागच्या काळपट सायप्रसच्या झाडांना मान देतो आणि भिंतीच्या फळ्यांचे सांधे अतिउजेडात उडून जातात. एकदा उडालेला सांधा नंतर परत आणता येत नाही. झेब्रा (अतिउजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) असेल तर ९५ ते १०० वर लावा. उन्हातल्या भिंतीवर तो नुसता चाटून जाईल इतकंच एक्स्पोजर ठेवा आणि सावल्या नंतर रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) उचला. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची जुळणी) ऑटोवर ठेवू नका. सावलीतली पांढरी भिंत आकाशाचा निळा रंग घेते, ऑटो तो प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा पुसतो आणि मालिका एकसारखी राहत नाही. ५२०० ते ५५०० केल्विनवर अडकवून टाका.

साळुंकी
दुभत्या जनावरांची म्हणजे दूध विकायचे का? इतक्या लांब शहर असताना?

कातळ
दूध नाही, लोणी. ही रँच अशी का बांधलीय ते कळण्याची किल्ली तिथेच आहे. रेफ्रिजरेशनच्या आधीच्या काळात दूध सॅन फ्रान्सिस्कोला पोचेपर्यंत नासलं असतं. लोणी टिकतं, म्हणून दूध उथळ भांड्यांत थंड खोलीत ठेवून साय धरू द्यायची, ती काढून घुसळायची, लोणी धुऊन मीठ घालून बांधायचं आणि शिडाच्या जहाजानं शहरात पाठवायचं. घुसळल्यावर उरलेलं डुकरांना. इथल्या धुक्यानं आणि गारव्यानं दोन कामं केली : गवत वर्षातला बराच काळ हिरवं राहिलं आणि डेअरीची खोली बर्फाशिवाय थंड राहिली. १८६७ साली मरीन काउंटीत, म्हणजे याच जिल्ह्यात, सुमारे ९ लाख ३० हजार पौंड लोणी झालं, कॅलिफोर्नियातल्या इतर कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त.

म्हणून डेअरीच्या घराकडे बघताना झरोके आणि सावली बघा. आत गारवा टिकावा अशीच ती इमारत उभी केलीय. फोटोत ते यायला हवं असेल तर समोरून सपाट न घेता कोपऱ्यातून घ्या, म्हणजे सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू दोन्ही दिसतील.

सॉलोमन पिअर्स मूळ व्हरमाँटचा. बाकीचा बहुतेक द्वीपकल्प त्याच राज्यातून आलेल्या शॅफ्टर घराण्याकडे होता, आणि त्यांच्या रँचना ए, बी, सी अशी अक्षरांची नावं होती. लाइटहाउसच्या बाजूला त्यातल्या काही अजून दिसतात. त्याही आधी ही भूमी कोस्ट मिवोक या मूळ रहिवासी लोकांची होती, हे माहितीफलक वाचताना विसरू नका. पिअर्स पॉइंटची डेअरी १९७३ पर्यंत चालली.

दर्यावर्दी
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात : एल्क (मोठ्या जातीचं हरीण).

सप्टेंबर म्हणजे टूली एल्कच्या (इथली उपजात) माजाचा हंगाम, साधारण जुलैअखेर ते ऑक्टोबर. रँचच्या आवारातून निघणाऱ्या टोमालेस पॉइंटच्या पायवाटेवर कळप दिसतात, कधी अगदी इमारतींच्या मागच्या उतारावर. नराची आरोळी ऐकली नसेल तर दचकायला होतं. एवढं मोठं जनावर, पण आवाज चिरका, शिटीसारखा वर चढत जाणारा. सांबरासारखी शिंगं दरवर्षी गळतात, हिवाळ्याच्या शेवटी. मग वसंतात मखमली आवरणाखाली नवी वाढतात आणि ऑगस्टपर्यंत टणक होतात. शिंगांचा फोटो हवा असेल तर तुमची तारीख योग्य आहे. वसंतात गेलात तर नरांची शिंगं अर्धवट वाढलेली मिळतील, पण पिल्लं दिसू शकतील. पडलेलं शिंग सापडलं तर तिथेच ठेवा, उद्यानातून उचलणं बेकायदा आहे.

साळुंकी
किती जवळ जाता येतं?

दर्यावर्दी
उलट बाजूनं विचार करा. जनावरानं चरणं थांबवून मान वर केली आणि कान तुमच्याकडे वळवले की तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. मागे या. माजावरचा नर शिंगांनी गवत उपटत असेल, जमिनीवर शिंगं घासत असेल तर तो प्रतिस्पर्ध्याला दम देतोय. अशा वेळी त्याच्या आणि माद्यांच्या मधे कुणी येऊ नये. ४०० मिमीवर पायवाटेवरून फ्रेम भरत नसेल तर फ्रेम भरू नका, मागचा उतार आणि समुद्र येऊ द्या. इथल्या एल्कचा फोटो जागेसकट जास्त बोलतो.

शटर १/५०० सेकंदाच्या खाली नको, दोन नर भिडले तर १/१०००. आरोळी ठोकताना तोंडातून वाफ निघते ती फक्त गार सकाळी आणि सूर्य समोर असताना दिसते, मागे काळपट उतार हवा. त्यासाठी नर तुमच्या आणि सूर्याच्या मधे येईल अशी बाजू पकडा, थोडं खाली बसा आणि हूड (लेन्सपुढची सावली धरणारी कड) लावा.

कातळ
यात एक गोष्ट जोडायलाच हवी. एकोणिसाव्या शतकात शिकारीनं आणि शेतीनं टूली एल्क संपलेच असं धरलं गेलं होतं. १८७४ साली कर्न काउंटीत बटनविलोजवळ मोजकेच उरलेले आढळले, ते हेन्री मिलर या गुरंवाल्याच्या जमिनीवर, आणि त्यानंच त्यांना राखलं. पॉइंट रेयेसमध्ये १९७८ साली २ नर आणि ८ माद्या आणून सोडल्या. म्हणजे रँचच्या पांढऱ्या कोठारासमोर उभा असलेला एल्क एकाच फ्रेममध्ये मिळाला, तर त्या फोटोत या किनाऱ्याचा दीडशे वर्षांचा इतिहास आला. त्यासाठी थांबायची तयारी ठेवा.

सायप्रकाश
लोलक यांच्याशी एका बाबतीत मतभेद. फक्त २४-७० आणि टेली (दूरचं जवळ आणणारी लेन्स) म्हणजे कोठारांवर अन्याय. मोठं गवताचं कोठार जवळून घ्यायला १६-२० मिमी लागतंच.

लोलक
जवळून का घ्यायचं? वीस मिमीनं कोठाराच्या भिंती आत झुकतात, नंतर सरळ केल्या की वरचे कोपरे ताणले जातात आणि छप्पर प्रत्यक्षापेक्षा उंच वाटतं. चाळीस पावलं मागे जा, ५० ते ७० मिमी लावा. कॅमेरा पातळीत ठेवा, म्हणजे सेन्सर भिंतीशी समांतर. वर जागा कमी पडली तर उभी फ्रेम घेऊन खालची जमीन कापा. इमारतीचं प्रमाण बिघडू न देणं हा जुन्या वास्तूच्या फोटोचा पहिला नियम आहे.

सायप्रकाश
बाहेरून मान्य. पण दुसरं कारण आहे : धुकधनुष्य. धुक्याचा थर पातळ होत असताना सूर्याकडे पाठ करून उभं राहिलं की समोर पांढरी कमान दिसते. इंद्रधनुष्यासारखंच, पण थेंब ०.१ मिलिमीटरपेक्षाही लहान असल्यानं रंग एकमेकांत मिसळून पांढरे होतात. कमानीचा पसारा ऐंशी अंशांच्या आसपास. २० मिमी आडवी फ्रेम ८४ अंश घेते, २४ मिमीत टोकं कापली जातात. सकाळी सूर्य पूर्वेच्या टोमालेस खाडीच्या बाजूनं वर येतो, म्हणजे कमान समुद्राच्या बाजूला शोधायची. दोनपाच मिनिटांत विरते, लेन्स बदलायला वेळ मिळत नाही.

लोलक
हे पटलं. सहा जणांत एकाकडे २० मिमी असू द्या.

नेत्रा१७
खूपच उपयोगी. पण धुकं असेल तर सहल पुढे ढकलावी का? दोघांचं म्हणणं आहे की निळं आकाश नसेल तर कशाला जायचं.

पाऊलवाट
सप्टेंबर-ऑक्टोबर हाच इथला सगळ्यात उघडा काळ. दाट धुकं जून ते ऑगस्ट. वसंतात वारा जोरात. तरी सप्टेंबरमध्येही सकाळी धुकं असू शकतं. दुपारी निळं आकाश मिळण्याची शक्यता चांगली आहे, त्यांना तसं सांगा.

कातळ
निळ्या आकाशाचा हट्ट सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. या रँचचं अस्तित्वच धुक्यावर होतं. ती धुक्यात बघणं हेच खरं बघणं. शिवाय फायदे तांत्रिकही आहेत. उन्हातली पांढरी इमारत आणि सायप्रसच्या सावल्या यांच्या उजेडात इतकं अंतर पडतं की एका फ्रेममध्ये दोन्ही धरताना ओढाताण होते. धुक्यात तेच अंतर निम्म्यावर येतं. मागची वाहनं आणि रस्ता झाकले जातात. झाडांच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात, त्या ८५ ते १३५ मिमीवर घ्या, थर जवळ येतात. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) काढून ठेवा, धुक्यात तो नुसता दीड-दोन स्टॉप उजेड खातो.

सायप्रकाश
निम्मंच मान्य. लाकडाच्या फळ्यांचा पोत, गंजलेले खिळे, दगडफूल हे सगळं तिरप्या उन्हाशिवाय उठत नाही. धुक्यात ते सपाट पडतं. भिंतीला घासून जाणारं ऊन दिवसाच्या दोन्ही टोकांना थोडाच वेळ असतं. प्रत्येक भिंतीची वेळ वेगळी असते, म्हणून आधी चक्कर मारून कोणती भिंत कोणत्या दिशेला आहे ते होकायंत्रानं टिपून घ्या. पोतासाठी अपर्चर एफ/८, भिंत सपाट असल्यामुळे फोकसची खोली लागत नाही, पण कॅमेरा भिंतीला काटकोनात हवा. अंगणासकट घ्यायचं तर २४ मिमी, एफ/११, फोकस साधारण पावणेदोन मीटरवर. जवळजवळ ९० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं.

दर्यावर्दी
धुकं म्हणजे खारं धुकं हेही लक्षात घ्या. लेन्सवर बसलेला थर कोरड्या कापडानं पुसला तर मिठाचे कण काचेवर ओढले जातात. आधी फुंकणी, मग साध्या पाण्यानं किंचित ओलं केलेलं कापड, शेवटी कोरडं. प्रत्येकाकडे तीन तरी मायक्रोफायबर हवेत, एक ओलं झालं की निकामी. उबदार गाडीतून कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरेल असं लोक म्हणतात, पण होतं उलट. थंड कॅमेरा उबदार गाडीत नेला की वाफ धरते. परत निघताना कॅमेरा बॅगेत बंद करूनच गाडीत ठेवा आणि अर्धा तास उघडू नका. घरी पोचल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर सांधे धरतात.

वाऱ्यात ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. बॅग हुकला टांगताना ती जमिनीला टेकलेली ठेवा. लोंबती बॅग वाऱ्यानं हलते आणि तीच हादरे देते. पट्टा काढून टाका, तो शिडासारखा फडफडतो.

साळुंकी
इमारतींच्या आत जाता येतं का?

पाऊलवाट
बऱ्याचशा बंद असतात. खिडकीतून आतलं घ्यायचं तर रबरी हूड काचेला टेकवा, म्हणजे प्रतिबिंब येत नाही, आणि श्वास बाजूला सोडा. जिथे उघड्या दारातून आत दिसतं तिथे बाहेरचा उजेड आणि आतला काळोख यांत फरक प्रचंड. २ स्टॉपच्या अंतरानं ३ किंवा ५ फ्रेम घ्या. वसंतात आणि उन्हाळ्यात पाकोळ्या वळचणीला घरटी करतात. तेव्हा दारात अडून उभं राहू नका, त्यांची ये-जा थांबते.

आणि मान वर करून सायप्रसच्या दाट फांद्या बघा. खाली पांढरी विष्ठा किंवा केस-हाडांच्या गोळ्या दिसल्या तर वर घुबड असायची शक्यता आहे. फ्लॅश नको, मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणं तर मुळीच नको.

सायप्रकाश
ड्रोन न्यायचा विचार कुणाचा असेल तर आत्ताच थांबवा, २०१४ पासून राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे. हातात नेता येणारे कॅमेरे आणि ट्रायपॉड, माणसं आठपर्यंत आणि लोकांना खुली असलेली जागा, एवढं असेल तर सहसा परवाना लागत नाही. तुम्ही सहा आहात, चालेल. कुत्रा मात्र नेऊ नका, टोमालेस पॉइंटच्या वाटेवर परवानगी नाही.

दर्यावर्दी
अंगावर काय, तेही सांगून टाकतो. गोचीड असतात, लाइम आजार पसरवणाऱ्या जातीच्याही. लांब फिकट पँट, तिची टोकं मोज्यांत, आणि फोटोसाठी गवतात लोळायच्या आधी विचार. परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा. पॉयझन ओक ओळखायचं ते एका देठाला तीन पानं यावरून. सप्टेंबरमध्ये ती सुंदर लाल होतात आणि नेमकी फोटोत घ्यावीशी वाटतात. घ्या, पण लांबून. कॅमेऱ्याची बॅग त्यावर ठेवली तर त्याचं तेल बॅगेवरून हाताला लागतं.

साळुंकी
रँच दोन तासांत संपली तर उरलेल्या वेळात जवळ काय?

दर्यावर्दी
मॅक्लूर्स बीच. रँचपासून अगदी जवळ, ०.४ मैल तीव्र उतार, म्हणजे येताना तेवढाच चढ. दक्षिण टोकाला खडकांच्या फटीतून पलीकडचा छोटा किनारा गाठता येतो, पण फक्त ओहोटीला. भरती आली की फट बंद होते आणि बाहेर यायला वाट नसते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक छापून न्या, तिथे रेंज नाही. समुद्राकडे पाठ करून ट्रायपॉड लावू नका, अवचित मोठी लाट येते.

टोमालेस पॉइंटची पूर्ण वाट जाऊन-येऊन ९.५ मैल, शेवट वाळूचा. कॅमेऱ्यांसह सगळी करायचा हट्ट नको. तीनेक मैलांवर लोअर पिअर्स रँचची जागा लागते. इमारती गेल्या, निलगिरीची झाडं उरलीत. तिथून परत फिरलेलं बरं.

कातळ
परतीच्या वाटेवर दोन थांबे. एक, सर फ्रान्सिस ड्रेक रस्त्यावरचा सायप्रसचा बोगदा, केपीएच या रेडिओ केंद्राकडे जाणारा. सगळे मधोमध उभे राहून घेतात. १३५ मिमीनं लांबून घेतलात तर फांद्या घट्ट मिटलेल्या दिसतात. त्या वाटेवर गाड्या येतात, एकानं लक्ष ठेवायचं. दुसरा, बेअर व्हॅलीतली अर्थक्वेक ट्रेल. १९०६च्या भूकंपात सुमारे १६ फूट सरकलेलं कुंपण तिथे उभं करून दाखवलंय. टोमालेसची खाडी सॅन अँड्रियास भेगेवरच आहे. रँचच्या अंगणातून पूर्वेला दिसणारं ते पाणी म्हणजे दोन भूपट्टांमधली सीमा.

अजून एक, आणि हे घाईचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तडजोडीनुसार उद्यानातल्या १२ रँचनी गुरंपालन थांबवायचं मान्य केलं. जाता-येता रस्त्यावरून जे गोठे, पाण्याच्या टाक्या, कुंपणं दिसतील ती सार्वजनिक रस्त्यावरूनच, फाटकाच्या आत न जाता, टिपून ठेवा. तारीख आणि जागा फाइलमध्ये लिहा. पिअर्स पॉइंट जतन झालीय, बाकीच्यांचं रूप बदलणार आहे.

नेत्रा१७
सगळं धरून आखणी अशी केलीय, चुकत असेल तर सांगा. पहाटे सव्वापाचला निघणं, सातच्या सूर्योदयाला रँचवर. दहापर्यंत इमारती आणि धुकं, मग वाटेवर दीड-दोन मैल जाऊन एल्क. दुपारी मॅक्लूर्स. साडेपाचला पुन्हा रँच, तिरपं ऊन आणि सूर्यास्त सातच्या सुमारास.

लोलक
दोन दुरुस्त्या. एल्क आधी, इमारती नंतर. इमारती जागेवरच राहणार आहेत, कळप ऊन चढलं की उतारामागे बसतो. शिवाय दहानंतर तापलेल्या गवतावर हवा लहरते आणि ४०० मिमीचे फोटो मऊ पडतात. लोक लेन्सला दोष देतात, दोष हवेचा असतो.

दुसरं, सूर्यास्ताची वेळ सातची मानू नका. समुद्रावर धुक्याची भिंत उभी असेल तर सूर्य तिच्यामागे अर्धा-पाऊण तास आधीच जातो. पाचलाच जागेवर असा, पश्चिमेच्या भिंती आधी घ्या.

दर्यावर्दी
आणि सव्वापाचच्या अंधारात पिअर्स पॉइंट रोडवर हळू. एल्क आणि गाई दोन्ही रस्त्यावर असू शकतात, काळ्या गाईचे तर नुसते डोळे चमकतात. ताशी २५ मैल पुरेत. त्या हिशेबानं पाचला निघा.

नेत्रा१७
पाच ठरलं. २० मिमी कोण आणतंय ते ग्रुपवर विचारते.